अंगणातला आकडा

नी छाओफन लग्न होऊन लियांगफंग खिंडीत आली तेव्हा तिला बर्फाचा एकच प्रकार माहीत होता. तिचं माहेर खाली नदीकाठी. तिथे दोन-तीन वर्षांत कधीतरी पहाटे कोबीवर पांढरं पडायचं आणि चुलीवरचं पाणी उकळेस्तोवर नाहीसंही व्हायचं. पहिल्याच हिवाळ्यात सासूने तिला अंगणात नेलं आणि कपडे वाळत घालायच्या तारेवर बोट ठेवायला लावलं.

"हा पांढरा. भुसभुशीत. फुंकर मारलीस तरी पडेल, ह्याला भ्यायचं नाही," सासू म्हणाली. "पण ज्या दिवशी तार ओली दिसेल आणि बोट लावलं तर बोट कोरडंच राहील, त्या दिवशी उंबऱ्याबाहेर पाय टाकू नकोस. तो तुंगतेलाचा बर्फ. लाकडाला तेल चोपडल्यासारखा चकचकीत, आरपार. दिसत नाही म्हणून हलका वाटतो मेला. झाडं मोडतो तो हाच."

सासूला लिहितावाचता येत नव्हतं, पण बर्फाच्या बाबतीत तिचा शब्द गावात कुणी खाली पडू देत नसे.

पुढे तो मोठा गारठा आला. खिंडीतले विजेचे मनोरे एकामागून एक गुडघे टेकून बसले, गाव तेवीस दिवस अंधारात राहिलं. छाओफनचा नवरा पाओ श्वेमिंग तेव्हा लाइनवर कामाला होता. लांब काठीने तारेवरचा बर्फ झाडता झाडता तो मनोऱ्यावरून घसरला. जीव वाचला, ही ग्वानयिनमातेची कृपा. उजवा गुडघा मात्र कायमचा आखडला. मग वीज कंपनीने त्याला बर्फ बघायचं काम दिलं. त्यासाठी अंगणात दोन खांबांमध्ये एक तार ताणली. हिवाळाभर सकाळ-संध्याकाळ तिच्यावर किती बर्फ चढला ते जाडी मोजायचा चिमटा, व्हर्नियर, लावून मोजायचं आणि फोनवरून कळवायचं. निसरड्या अंगणात त्याला उभं राहवेना, म्हणून छाओफन मोजू लागली, आणि वर्षा-दोन वर्षांत कागदावरही तिचंच नाव आलं.

ती रोज आधी देवीपुढे तीन उदबत्त्या लावी आणि मग व्हर्नियर हातात घेई. श्वेमिंग लोखंडी शेगडीवर बटाटे परतत बसल्या जागी चिडवायचा, "आकडा देवीला सांगून येतेस की विचारून?"

"विचारून. तुम्हाला विचारून काय उपयोग? तुम्हाला तर आपण मनोऱ्यावर आहोत की जमिनीवर तेही कळलं नव्हतं."

तीन हिवाळ्यांपूर्वी कड्यावरच्या सत्तेचाळीस नंबरच्या मनोऱ्यावर कॅमेरा बसला. तो बसवायला शहरातून तान यूशिन नावाची इंजिनियर आली. तिशीच्या आतली, चष्मेवाली, बोलताना हात हलवणारी पोरगी. ती छाओफनच्याच घरी उतरली. पहिल्या संध्याकाळी शेगडीभोवती बसून, एका हातात तिखटात बुडवलेला बटाटा आणि दुसऱ्या हातात फोन धरून, तिने फोटो दाखवला. फोटोत इन्सुलेटर होता: मनोऱ्याच्या हाताला तार टांगून धरणारी, चिनीमातीच्या पालथ्या बशांची लांब माळ.

"हे बघा मावशी. ही कोऱ्या माळेची कड. बर्फ चढला की कड फुगते, दोन बशांमधली फट बुजत जाते. पार बुजली की वीज माळेवरून उडी मारून मनोऱ्यात शिरते. तर फट किती बुजली हे यंत्र फोटोवरूनच ओळखतं आणि जाडी सांगतं. पांढरा बर्फ असला की त्याला जमतं. पण तुमचा तो तुंगतेलाचा…"

"तो आरपार दिसतो."

"तेच ना! कॅमेऱ्याला त्यातून पलीकडचं धुकं दिसतं. त्याला वाटतं, इथे काही नाहीच. म्हणून त्याला शिकवावं लागणार. प्रत्येक फोटोबरोबर खरा आकडा हवा. हाताने मोजलेला, तिथेच, त्याच वेळी. असे शेकडो फोटो आणि शेकडो आकडे बघितले की मग ते आपलं आपण ओळखायला लागेल."

"म्हणजे ही त्याची मास्तरीण," श्वेमिंग म्हणाला. "झालं. आमच्या पोरालाही हिनेच शिकवलं होतं. अजून बूट उलटे घालतो."

पोरगा तेव्हा शहरात बस चालवत होता. छाओफनने नवऱ्याच्या ताटलीतला बटाटा उचलून तानच्या ताटलीत टाकला.

मनोऱ्यापासून तीस पावलांवर एका खांबाला तसलीच एक छोटी माळ टांगली गेली. रोज सकाळी आठ आणि दुपारी चार वाजता, कॅमेरा फोटो काढील त्याच वेळी, त्या माळेवरचा बर्फ मोजायचा. चढ पाऊण तासाचा. पहिला अख्खा हिवाळा छाओफनने एकही पाळी चुकवली नाही. बुटांना भाताच्या पेंढ्याची दोरी गुंडाळायची, पाठीला टोपली, टोपलीत व्हर्नियर आणि दोन गरम बटाटे. तानने तिला शहरातून हातमोजे पाठवले. त्यांनी व्हर्नियर धरता येत नसे, म्हणून तिने ते जपून ठेवून दिले.

दुसऱ्या हिवाळ्यात सासू अंथरुणाला खिळली, आणि नेमका तेव्हाच तुंगतेलाचा बर्फ आला. सासूला दर तासाला कुशीवर वळवावं लागे. श्वेमिंगला उभ्याने वाकता येत नव्हतं. शेजारची घरं त्या दिवसांत दारं घट्ट लावून बसलेली. पहिल्या सकाळी छाओफन बुटांना दोरी बांधून उंबऱ्यापर्यंत गेली आणि आतून सासूचं कण्हणं ऐकून थबकली.

"अंगणातल्या तारेवर मोज आणि लिहून टाक," श्वेमिंग म्हणाला. "वर कोण बघायला बसलंय?"

"वर कॅमेरा बसलाय ना."

"तो माळेकडे बघतो. तुझ्याकडे नाही."

तिने अंगणात मोजलं. सहा मिलिमीटर. पांढऱ्या बर्फाच्या दिवसांत अंगण आणि कडा ह्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरचा फरक असे. पण तुंगतेलाचा बर्फ वाऱ्यावर वाढतो, आणि कड्यावर वारा थांबत नाही. तिथे दुप्पट असणार हे तिला कळत होतं. अंदाजाने बारा लिहावं असं मनात आलं. पण न मोजलेला आकडा लिहायला तिचा हात धजेना. सहा निदान मोजलेला तरी होता. तिने कड्याच्या रकान्यात सहा लिहिलं आणि आपण त्यातल्या त्यात खरं वागलो अशी मनाची समजूत घातली. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी सासू वारली, बर्फही उतरला, आणि क्रियाकर्माच्या गडबडीत ते आकडे यंत्राच्या पोटात गेले ते गेलेच.

गेल्या हिवाळ्यात खिंडीत नुसता पांढरा बर्फ पडला. यंत्र आणि छाओफन, दोघांचे आकडे रोज जुळत. तानच्या कामाचं कौतुक झालं. ह्या हिवाळ्यापासून यंत्र एकटंच सांगू लागलं. छाओफनकडे आठवड्यातून एकदा कॅमेऱ्याच्या भिंगाची काच पुसणं तेवढं उरलं. गावात लोक म्हणत, छाओफनने शिकवलेलं यंत्र आहे, चुकायचं नाही. ती हसून पुढे जाई. सासूच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावताना मात्र ती नजर वर उचलत नसे.

बाराव्या महिन्याच्या तेविसाव्या तिथीला, म्हणजे चुलीच्या देवाला वर पाठवायच्या दिवशी, ती पहाटे उठून शेगडीमागची काजळी झाडत होती. ह्या दिवशी देव घरातलं वर्षभराचं सगळं वर जाऊन सांगतो. त्याने गोड सांगावं म्हणून त्याच्या ओठांना मोड आणलेल्या धान्याच्या साखरेचा चिकट पाक लावायचा. ती पाक गरम करायला ठेवून पाणी फेकायला बाहेर आली. रात्रभर बारीक पाऊस झाला होता आणि त्याचा आवाज कुणालाच आला नव्हता. अंगणातली तार ओली दिसत होती.

तिने बोट लावलं. बोट कोरडंच राहिलं.

तिने व्हर्नियर आणलं. नऊ. मग फोन उघडून यंत्राचा आकडा बघितला. कड्यावर, सत्तेचाळीस नंबर: सहा.

"अहो," ती आत येऊन म्हणाली, "अंगणात नऊ आहे. ते वर सहा म्हणतंय."

श्वेमिंगने हातातला बटाटा खाली ठेवला. अंगणात नऊ म्हणजे वर अठरा. दहाच्या वर गेलं की लाइन बंद करायची, तारांत जोराचा प्रवाह सोडून त्या तापवायच्या, आणि बर्फ गळून पडेपर्यंत खाली कुणी फिरकायचं नाही, असा नियम होता. सहा म्हणजे काहीच नाही.

"भिंगाला धुकं असेल," श्वेमिंग म्हणाला.

"भिंगाला काही झालेलं नाही. मी शिकवलं तेच ते म्हणतंय."

तेवढ्यात तिला आठवलं की लुओ जीछंग आज वर जाणार होता. तो इथल्या लाइनवरच्या टोळीचा मुकादम, चाळिशीचा गडी. कड्यावरचा बांबू बर्फाने वाकून तारेला टेकायला आला होता, तो तोडायला दोन माणसं घेऊन सत्तेचाळीसच्या अगदी खाली त्याला उभं राहायचं होतं. तिने त्याला फोन लावला. मागे गाडीचं इंजिन घुरघुरत होतं.

"जीछंग, आज वर जाऊ नकोस. निसरडं आहे फार."

"काकू, निसरडं नसेल तेव्हा आम्हाला कोण बोलावतं? बुटांना साखळ्या लावल्यात. काका काय म्हणतायत, बटाटे भाजून ठेवणार का?"

"अरे, बर्फ जास्त आहे."

"सहा आहे, मी बघितलं ना! तुम्हीच शिकवलंय त्याला, आणि तुमचाच विश्वास नाही होय?" तो हसला. "साडेअकरापर्यंत खिंडीत येतो, मग वर. ठेवतो, इथे चढ आहे."

फोन बंद झाला. पाकाचा वास घरभर पसरला होता. खाली लागत होता तो. छाओफनने भांडं उतरवलं.

"त्याला भिंग खराब आहे असं सांग," श्वेमिंग हळूच म्हणाला. "तो परत जाईल. तानला काही सांगायची गरज नाही. दोन दिवसांत बर्फ उतरेल."

"आणि पुढच्या बर्फाला?"

"पुढच्या बर्फाला पुढे बघू. छाओफन, तो आकडा तुझ्या एकटीचा नव्हता. मी म्हटलं होतं तुला. तुझं नाव गेलं की माझंही जाईल. माझ्या गुडघ्याच्या बदल्यात दिलेलं काम आहे ते."

ती सासूच्या तसबिरीकडे बघत उभी राहिली. सासूसाठीच तर घरी राहिलो, असं ती दोन वर्षं स्वतःला सांगत आली होती. पण सासूला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हेही तिला ठाऊक होतं. तिने तानला फोन लावला. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा तान कुजबुजत म्हणाली, "मावशी, मीटिंगमध्ये आहे, दुपारी करू का?"

"दुपारी नको. बाई, तुमचं यंत्र चुकतंय, आणि ते माझ्यामुळे चुकतंय."

मग तिने सांगितलं. सांगायला वाटलं होतं तितका वेळ लागला नाही. चार वाक्यांत संपलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आणि दार लागल्याचा आवाज आला.

"किती दिवस?" तानने विचारलं.

"एकोणीस."

"आणि तेवढाच तुंगतेलाचा बर्फ होता. यंत्राने आजवर बघितलेला तेवढाच, मावशी." तानच्या आवाजात राग नव्हता. "मी जीछंगला खिंडीत थांबवते. पण लाइन बंद करायला मला आकडा लागेल. सणाच्या तोंडावर तीन तालुक्यांची वीज एका फोनवर कुणी बंद करणार नाही. आणि आता…" ती थांबली.

"माझ्या शब्दावर तर नाहीच," छाओफन म्हणाली. "मी वर जाते. फोटोसकट पाठवते."

"मनोऱ्याखाली जाऊ नका. खांबापाशीच."

ती बुटांना दोरी बांधायला बसली. श्वेमिंगने शेगडीपासून सरकत येऊन तिच्या दोन्ही पायांच्या गाठी स्वतः आवळल्या. टोपलीत बटाटे ठेवायला मात्र तो विसरला.

पाऊण तासाच्या वाटेला दोन तास लागले. प्रत्येक गवताचं पातं काचेत घातल्यासारखं झालं होतं आणि पाऊल ठेवताच खळकन फुटत होतं. वरच्या अंगाने बांबू मोडत होते. एकेका पेराचा फटाक्यासारखा आवाज धुक्यातून येई आणि तो कुठून आला ते कळत नसे. ती मनातल्या मनात ग्वानयिनचं नाव घेत होती, पण मध्येच नाव सुटून तिच्या तोंडी नुसते आकडे येत, सहा, सात, सहा, साडेसहा, त्या एकोणीस दिवसांचे. दोनदा पडली. दुसऱ्यांदा कोपर आपटलं तेव्हा ती थोडा वेळ तशीच बसून राहिली. देवीकडे काय मागावं हे तिला सुचेना. आकडा मोठा निघाला तर दोन वर्षांचं खोटं साक्षीला उभं राहणार होतं. लहान निघाला तर ते झाकलं जाणार होतं, आणि आपल्याला तो लहान निघावा असं वाटतंय हे लक्षात येऊन तिला स्वतःचीच शिसारी आली. ती उठली.

खांबावरच्या माळेत बशा ओळखू येत नव्हत्या. वरच्या बशीच्या कडेपासून खालच्या बशीपर्यंत बर्फाचे सुळे उतरून एकमेकांना मिळाले होते, आणि सगळी माळ म्हणजे एक काचेचा खांब झाला होता. आत मधोमध चिनीमाती तपकिरी, स्वच्छ दिसत होती. कॅमेऱ्याला तेवढंच दिसत असणार. तीस पावलांवर मनोऱ्यातून बारीक चरचर ऐकू येत होती, कढईत पाणी पडल्यासारखी.

तिने आपला जुना हातमोजा दातांनी ओढून काढला, व्हर्नियर लावलं, फोटो घेतला. एकोणीस. अंदाजापेक्षाही एक जास्त. तिने तीन ठिकाणी मोजलं आणि तिन्ही फोटो पाठवले.

ती खिंडीत उतरली तेव्हा दीड वाजून गेला होता. वाटेतच घरांमधले दिवे गेले. आणि मग कड्यावरून तो आवाज सुरू झाला. तारा तापून त्यांच्यावरचा बर्फ लांबच लांब नळ्यांसारखा सुटून दगडांवर आदळत होता. खालचा मोडका बांबूही त्यात गेला असावा. गावातली कुत्री भुंकत सुटली.

घरात जीछंग आणि त्याची दोन माणसं शेगडीभोवती बसली होती. श्वेमिंगने त्यांच्यापुढे बटाटे आणि आंबवलेला कोबी घातलेली घेवड्याची आमटी ठेवली होती. ती आत येताच दोघं उठून तिला जागा द्यायला लागली. जीछंग उठला नाही.

"एकोणीस," तो म्हणाला. "आम्ही बरोबर त्याच्या खाली असतो."

"हो."

"तानबाईंनी सांगितलं मला सगळं." त्याने बटाट्याचं साल काढलं, पण खाल्लं नाही. "काकू, गेल्या हिवाळ्यापासून मी त्या आकड्यावर माणसं वर पाठवतोय."

"गेल्या वर्षी पांढरा होता रे, जीछंग. तो आकडा बरोबर होता."

"ते तुम्हाला माहीत होतं. मला कुठे माहीत होतं?"

तिने टोपली उतरवून ठेवली. श्वेमिंग म्हणाला, "अंगणात मोज असं मी सांगितलं होतं तिला. मला बोल."

"काका, तुम्ही मनोऱ्यावरून पडलेला माणूस," जीछंग म्हणाला. "तुम्हाला काय बोलू?" तो उठला, जाताना दारातून वळून त्याने काकूच्या कोपराकडे बघितलं आणि म्हणाला, "त्याला मोहरीचं तेल लावा. सुजेल." मग तो गेला.

त्या संध्याकाळी छाओफनने चुलीच्या देवाचं चित्र भिंतीवरून उतरवलं, त्याची पूजा केली आणि ते जाळलं. पाक भांड्यात घट्ट होऊन गेला होता. तो तिने लावला नाही.

नव्या वर्षाच्या आठव्या दिवशी तान आली. ह्या वेळी ती खिंडीतल्या खानावळीत उतरली होती. शेगडीपाशी बसून तिने लॅपटॉप उघडला आणि दुसऱ्या हिवाळ्याचे फोटो पुढे मांडले. छोटे छोटे चौकोन, प्रत्येकाखाली छाओफनचा एक आकडा.

"हे इथून इथपर्यंत," छाओफनने बोट ठेवून दाखवलं. "सासूबाई गेल्या त्याच्या आधीचे एकोणीस दिवस. सकाळ-दुपार मिळून अडतीस."

"एकूण दोनशे बारा आहेत," तान म्हणाली. "मावशी, मला सगळेच काढावे लागतील."

"सगळे कशाला? बाकीचे एकशे चौऱ्याहत्तर खरे आहेत. मी स्वतः वर गेले होते. हा बघा ना, ह्या दिवशी माझं नख निघालं होतं."

"मला वाटतं खरेच आहेत ते. पण 'मला वाटतं' एवढ्यावर मी यंत्राला शिकवू शकत नाही." तानने चष्मा काढून पुसला. तिचे डोळे लाल झाले होते. ती किती रात्री झोपली नव्हती कुणास ठाऊक. "वरच्यांना मी सांगितलंय की चूक मीही केली. दोन ठिकाणचे आकडे ताडून बघायला हवे होते. मी तुमच्यावर सोडलं, कारण तुम्ही होतात."

तिने एक कळ दाबली. चौकोन एकदम गेले नाहीत. वरून खाली ओळीओळीने विझत गेले. छाओफन ते शेवटापर्यंत बघत राहिली.

काम तिच्याकडून काढलं नाही, कारण बर्फाळ कड्यावर रोज चढणारं दुसरं कुणी मिळालं नाही. पण नवा नियम आला: यंत्राला पुन्हा शिकवून होईपर्यंत आकडा दोघांनी मिळून घ्यायचा. बरोबर जायला जीछंगने आपल्या माणसांपैकी कुणाला न पाठवता स्वतःच यायचं ठरवलं.

पहिल्या सकाळी पुन्हा बारीक पाऊस होता. एका घसरड्या वळणावर जीछंगने काठी मागे केली आणि तिने ती धरली. खांबापाशी पोचल्यावर तिने सवयीने टोपलीत हात घातला. व्हर्नियर त्याच्याकडे होतं. त्याने ते माळेला लावलं, डोळे बारीक करून रेघा बघितल्या, पुन्हा बघितल्या. त्याला वेळ लागत होता. तिला बाजूने उभ्या उभ्याच आकडा दिसला होता: साडेअकरा. तिने ओठ मिटून घेतले.

"साडेअकरा," तो शेवटी म्हणाला आणि त्याने तो लिहिला. मग कागद तिच्यापुढे धरला. त्याच्या आकड्याखाली तिच्या सहीसाठी एक रेघ होती. तिने बोटांवर फुंकर मारली, त्याच्या पाठीवर कागद टेकवून सही केली, आणि दोघं खाली उतरायला लागली.